मामांची बॅटरी

स्टॉकहोम : स्वीडन म्हणजे स्त्री-पुरुष समानतेचा स्वर्ग, अशी पुण्या-मुंबईत समजूत आहे. त्याच स्वर्गात नोव्हेंबर 2016मध्ये ‘युनियनेन’ या बड्या कर्मचारी संघटनेला आठवडाभर एक फोनसेवा चालवावी लागली. बाईला जे नीट ठाऊक आहे तेच एखादा पुरुष सहकारी तिला न विचारता समजावत बसला, तर तिनं फोन करायचा. पलीकडून सल्ला मिळे. काही पुरुष यावरही चिडले.

या खोडीला ‘मॅन्सप्लेनिंग’ म्हणतात. मूळ अमेरिकेत. 2003मध्ये लेखिका रिबेका सोलनिट यांनी कोलोरॅडोतल्या एका मेजवानीत छायाचित्रकार मायब्रिजवर आपण लिहिल्याचं सांगितलं. लगेच यजमान त्याच विषयावरच्या एका नव्या, फार महत्त्वाच्या पुस्तकाबद्दल बोलू लागले. ‘ते हिचंच आहे,’ हे मैत्रिणीनं तीन-चारदा सांगितल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं. पुस्तक त्यांनी वाचलंही नव्हतं, नुसतं परीक्षण वाचलं होतं! सोलनिट यांचा लेख आला 2008मध्ये. शब्द मात्र त्यांचा नव्हे, तो त्यानंतर इंटरनेटवर रुळला. स्वीडिश भाषेनं पुढे ‘शिलयिस्सा’ हे क्रियापदही घडवलं : पुरुषी ठामपणानं नुसता अंदाज ठोकणं. 2017च्या नव्या शब्दांच्या अधिकृत यादीत ते आहे.

आपल्याकडे दीडशहाणे आहेत, उंटावरचे शहाणे आहेत, अक्कल पाजळणारे तर गल्लोगल्ली. पण त्यांची तक्रार करायची कुणाकडे? उलट 8 मार्चला त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावतात, आणि वर्षानुवर्षं बचत गट चालवणाऱ्या बायका पहिल्या रांगेत बसून सक्षमीकरण म्हणजे काय ते ऐकून घेतात.

स्वीडनमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीपासून साहेबालाही सरसकट ‘तू’ म्हणतात, त्यामुळे त्याला मध्येच तोडणं सोपं जातं. (समजावणारे इथेही आहेत, फक्त आवाज हळू आणि हातात कॉफी.) पण मराठीत ‘अहो मामा’ म्हटलं की तोडण्याची ती सोय संपली. इथल्या एका मराठी अभियंता मुलीचं कामच बसच्या बॅटऱ्यांचं. भेटीला आलेल्या मामांनी थंडीत बॅटरी का उतरते ते तिला चहा गार होईपर्यंत समजावलं. मधेमधे तिनं दोन आकडे दुरुस्त केले. ‘तेच म्हणतोय मी,’ मामा म्हणाले.

परत निघताना त्यांनी तिच्या कामाच्या स्लाइड्स मागून घेतल्या. ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर त्यांचं व्याख्यान ठरलंय.