गाडी भंगारात गेली, खेळण्यातली उरली

मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या शरद ऋतूत दीड महिन्याच्या अंतराने दोन जुन्या ओळखीच्या वाहनांनी निरोप घेतला. १५ सप्टेंबर रोजी ‘बेस्ट’ची जुनी, डिझेलवर धावणारी लाल दुमजली बस अंधेरी पूर्व येथील आगरकर चौक ते सीप्झ या मार्गावर अखेरची धावली. १९३७ पासून चालत आलेली एक परंपरा तेथे संपली. विजेवर चालणाऱ्या नव्या वातानुकूलित दुमजली गाड्या त्याआधीच आल्या होत्या. पण मागच्या दारातल्या मोकळ्या खांबाला धरून उभे राहण्याची ती जुनी गंमत त्यांच्यात नाही. त्यानंतर ३० ऑक्टोबरपासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या काळ्यापिवळ्या टॅक्सीचेही दिवस भरले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती आणि टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची वयोमर्यादा तिने पुरी केली होती.

त्या दिवसांत अनेकांनी थांबून या गाड्यांची छायाचित्रे टिपली, वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख छापले. ती टॅक्सी आज दिसते ती मुख्यत्वे दुकानांच्या फळ्यांवर, तळहाताएवढी, मागे ओढून सोडली की पळणारी. खरी गाडी गेली आणि तिचे खेळणे मागे राहिले. जुन्या मोटारी आणि लहानपणीची खेळण्यातली वाहने यांची ओढ एकाच मुळातून येते. मात्र या दोहोंतले काय टिकते आणि काय नाहीसे होते, याचे नियम मोठे विचित्र आहेत.

सामान्यांची मोटार

पद्मिनीची कथा सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद या उद्योजकापासून सुरू होते. जहाजबांधणी, विमाननिर्मिती आणि मोटार हे तिन्ही उद्योग भारतात उभे राहावेत, हे त्यांचे स्वप्न होते. १९४४ मध्ये त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली. मुंबईत कुर्ला येथे आधी अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी झाली आणि नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून येथे तयार होऊ लागलेली ‘फियाट ११००’ ही गाडी १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.

१०८९ घनसेंटीमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे चाळीस अश्वशक्ती एवढाच तिचा जोर होता. पुढे सलग एकच लांब आसन असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला असे. कोलकात्याने टॅक्सीसाठी ऐसपैस ‘अॅम्बेसेडर’ निवडली, तर मुंबईच्या अरुंद गल्ल्यांना ही आटोपशीर गाडी मानवली. टॅक्सी संघटनेच्या सांगण्यानुसार नव्वदच्या दशकात शहरात साठ हजारांहून अधिक काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांत पद्मिनीचेच राज्य होते. एका पिढीचा बाळंतपणाला जाणारा, स्टेशनावरून सामान आणणारा आणि रात्री-अपरात्री रुग्णालय गाठणारा प्रवास याच गाडीतून झाला. टपावर बांधलेली वळकटी, पुढच्या काचेशी डोलणारी देवाची तसबीर आणि गाडीबाहेर बसवलेला मीटर हे सारे त्या पिढीच्या स्मरणात पक्के आहे.

ही गाडी वेगवान नव्हती आणि दुर्मीळही नव्हती. तिच्याविषयीचा जिव्हाळा आला तो रोजच्या सहवासातून. जुन्या वाहनांच्या आठवणींचे हे मर्म ध्यानात ठेवले, तर पुढचा विरोधाभास उमगतो.

काड्यापेटीतला रोडरोलर

खेळण्यातल्या मोटारींचा इतिहासही असाच साधेपणातून आलेला आहे. ‘मेकॅनो’चे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यात १९३३ च्या सुमारास ओतीव धातूच्या छोट्या गाड्या तयार होऊ लागल्या. मुलांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या स्थानकाबाहेर उभ्या करण्यासाठी शोभेची पूरक वस्तू, एवढेच त्यांचे प्रयोजन होते. १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले आणि आगगाडीपेक्षा मोटारीच लोकप्रिय झाल्या.

दुसरी गोष्ट लंडनची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या आडनावबंधू मित्रांनी आपल्या नावांचे तुकडे जोडून ‘लेस्नी’ ही कंपनी काढली. त्यांचे सहकारी जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती. ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रोडरोलर घडवला. वर्गातल्या प्रत्येक मुलाला तसाच हवा झाला आणि १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्यांचा जन्म झाला. गाडी पेटीत मावणे महत्त्वाचे असल्याने दुमजली बस आणि छोटी मोटार जवळपास एकाच आकाराच्या असत. ही विसंगती कुठल्याही मुलाला कधी खटकली नाही. १९५६ मध्ये आलेल्या ‘कॉर्गी’ने खिडक्यांना पारदर्शक काचा बसवल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या ‘हॉट व्हील्स’ने वेगाची चटक लावली.

या स्पर्धेत जुने कारखाने तगले नाहीत. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद पडला, लेस्नीने १९८२ मध्ये दिवाळखोरी पाहिली आणि पुढच्याच वर्षी कॉर्गीची मूळ कंपनी कोसळली. मॅचबॉक्स हे नाव हस्तांतरित होत होत अखेर १९९७ मध्ये मॅटेलकडेच गेले.

किल्ल्याखालच्या मोटारी

भारतात या गाड्या सहजी मिळत नसत. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने उठत गेले, ते २००१ पर्यंत. तोवर आखाती देशांत नोकरीला गेलेला मामा किंवा जहाजावरचा काका सुटीवर आला, की त्याच्या बॅगेतून एखादी मॅचबॉक्स घरात येई. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि त्यांवरून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या तयार झाल्या. आज जगभरचे संग्राहक त्यांचा शोध घेत असतात.

बहुसंख्य मराठी घरांतली मोटार मात्र याहून साधी होती. जत्रेतून आणलेली पत्र्याची, किल्ली दिली की घरघरत जाणारी मोटार ही त्यांतली श्रीमंती. एरवी काड्यापेटीचा सांगाडा आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचे किंवा झिजलेल्या रबरी चपलेतून कापलेली चाके यांवर काम भागे. सायकलचा जुना टायर काठीने पळवत नेणारा मुलगा मनाने ट्रकचालकच असे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, की वर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर मावळे आणि खाली हळिवाच्या हिरवळीशेजारच्या रस्त्यावर चक्क एक फियाट, एक बस आणि एखादा रणगाडा! इतिहासाची ही सरमिसळ कुणी वडीलधारा हसून खपवून घेई, कारण मुलांच्या राज्यात त्यांच्या आवडीच्या वाहनांना जागा लागेच.

न वापरलेले तेच टिकते

येथून तो विरोधाभास सुरू होतो. संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक मोल असते ते मूळ खोक्यासह, एकही ओरखडा नसलेल्या गाडीला. म्हणजे ज्या गाडीशी कुणी मूल कधी खेळलेच नाही, ती अनमोल ठरते. जिची चाके झिजली, जी पायरीवरून शंभरदा कोसळली आणि जिचा रंग मुलाच्या घामट हातांनी उडाला, ती खऱ्या अर्थाने जगलेली गाडी बाजाराच्या लेखी जवळपास निरर्थक होते. रंग उडालेली गाडी हौसेने नव्याने रंगवली, तर तिची उरलीसुरली किंमतही बहुधा घटते. चपलेच्या चाकांची मोटार तर कुठल्याच सूचीत नसते.

नुसते जपून ठेवणेही पुरेसे नसते. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूपासून ओतल्या जातात. त्यात ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम यांचे ठरावीक प्रमाण असते. ओतताना शिशासारख्या धातूचा अल्पसा अंश मिसळला, तर काही वर्षांनी धातूच्या कणांच्या सीमांवर आतून क्षरण सुरू होते. गाडी फुगते, तिला तडे जातात आणि अखेर हातात घेताच तिचा भुगा होतो. संग्राहक याला ‘जस्ताची कीड’ म्हणतात. ही खरी कीड नव्हे आणि ती एका खेळण्यावरून दुसऱ्याकडे पसरतही नाही. मात्र दमट हवेत ती झपाट्याने वाढते आणि तिच्यावर इलाज नाही. महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या अशा संपल्या. नंतर अधिक शुद्ध जस्त वापरले जाऊ लागले आणि हा दोष मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला.

वीस आणि पन्नास

खऱ्या मोटारींच्या बाबतीत हेच काम कायदा करतो. राज्य शासनाने मुंबईतील टॅक्सींसाठी २००८ मध्ये पंचवीस आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. प्रदूषण आणि प्रवाशांची सुरक्षा ही त्यामागची कारणे रास्तच होती. जुन्या इंजिनाचा धूर शहराच्या फुप्फुसांत जात होता आणि सुट्या भागांअभावी चालकही मेटाकुटीला आले होते. या निर्णयाला केवळ आठवणींच्या उमाळ्यातून विरोध करणे योग्य ठरणार नाही.

दुसरीकडे, जुन्या वाहनांना संरक्षण देणारे नियम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, तर फेरनोंदणीचे पाच हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी मेळावा, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही.

आता या दोन आकड्यांची सांगड घालून पाहावी. टॅक्सी विसाव्या वर्षी रस्त्यावरून जाते आणि वारसा म्हणून मान मिळण्याचे वय पन्नास आहे. मधली तीस वर्षे ती कुठे उभी राहणार? संस्थानिकाच्या गाडीला राजवाड्याची पडवी असते, उद्योगपतीच्या गाडीला गॅरेज असते. टॅक्सीचालकाला त्याच परवान्यावर नवी गाडी आणायची असते आणि जुनीचे पैसे भंगारवाल्याकडूनच मिळतात. शिवाय नियमातील ‘खासगी वापर’ ही अट टॅक्सीला मुळातच बाजूला ठेवते. परिणामी विंटेज मोटारींच्या मेळाव्यात रोल्स रॉइस आणि ब्यूक दिमाखात उभ्या दिसतात, पण लाखो लोकांना घरी पोहोचवणारी काळीपिवळी तेथे क्वचितच असते.

यातून मार्ग काढणे अवघड नाही. किमान एक पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने त्या वेळी केली होती. ‘बेस्ट’चे अणिक आगारात स्वतःचे संग्रहालय आहे. हरयाणातील तावडू येथे २०१३ पासून खासगी प्रयत्नांतून उभे असलेले ‘हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम’ बैलगाडीपासून विमानापर्यंतची वाहने सांभाळते. वापरातून निघणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक वाहनाचा एक नमुना, चालत्या स्थितीत, मूळ मीटर आणि पाट्यांसह राखून ठेवणे शासनाला वा महापालिकेला परवडण्यासारखे आहे. त्यासाठी पन्नास वर्षे वाट पाहण्याची गरज नाही. वाहन बाद होते त्याच वेळी तो नमुना निवडावा लागतो, कारण नंतर निवडायला काही उरत नाही.

घरातल्या मोटारींसाठी तर कुणाच्या आदेशाचीही गरज नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी जुनी मोटार असेल, तर पावसाळ्यापूर्वी ती बाहेर काढावी, कोरड्या कापडाने पुसावी आणि दमट कोपऱ्यातून हवेशीर जागी ठेवावी. रंग उडालेला असला तरी नव्याने रंगवू नये. सोबत एक चिठ्ठी जरूर ठेवावी. ही कुणाची होती, कुणी आणि कुठून आणली, तिचे एक चाक कसे तुटले, एवढे त्यात लिहावे. बाजारात त्या चिठ्ठीने किंमत वाढणार नाही, पण तीस वर्षांनी ती ट्रंक उघडणाऱ्याला मोटारीबरोबर तिच्याशी खेळलेले मूलही सापडेल.