टीव्हीवरचे पोलीस आणि खरा तपास : थपडेने गुन्हा सिद्ध होत नाही

टीव्हीवरच्या पोलिसांवरून वाद होत नाही असं घर आपल्यात विरळाच. मुलांना 'सीआयडी' हवी असते. अब्बू म्हणतात, "हे सगळं बनावट आहे, 'क्राइम पेट्रोल' बघा, त्यात खऱ्या केसेस असतात." कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलमधून मान वर करून सांगते, "दोन्ही फालतू, बघायचंच तर 'दिल्ली क्राइम' बघा." दादींचं मत ठरलेलं असतं : रात्रीच्या वेळी खुनाखुनीचं काहीच नको.

हा वाद घराघरांत गेली पंचवीस वर्षं चालू आहे. मजेचा आहे, पण मला त्यात एक गोष्ट खटकते. कोणती मालिका 'रिअल' आणि कोणती नाही हे ठरवताना आपण नेमक्या ज्या गोष्टीवर बोट ठेवायला हवं, तीच सोडून देतो.

मी शाळेत शिकवते. नागरिकशास्त्राच्या तासाला एकदा नववीच्या वर्गाला विचारलं, माणूस गुन्हेगार कधी ठरतो? भराभर हात वर झाले आणि बहुतेकांचं उत्तर एकच होतं, "पोलिसांनी पकडल्यावर." एका मुलाने दुरुस्ती केली, "नाही मॅडम, त्याने कबूल केल्यावर." कोर्ट हा शब्द कुणाच्याच तोंडी आला नाही. हे मुलांना पुस्तकाने शिकवलेलं नाही. ते कुठून आलं हे वेगळं सांगायला नको.

सीआयडीबद्दलचे नेहमीचे आक्षेप

'सीआयडी' सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. बी. पी. सिंग यांनी ती निर्माण केली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युमन, आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत आणि दयानंद शेट्टी यांचा दया हे त्रिकूट घरचंच झालं. २०१८ मध्ये मालिका थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युमन मरण पावल्याचं दाखवलं, तेव्हा लोक खरोखर कुणी गेल्यासारखे हळहळले. एवढा जिव्हाळा असलेल्या मालिकेवर टीकाही तेवढीच होते.

पहिला आक्षेप दरवाजाचा. दया कोणताही दरवाजा खांद्याने किंवा लाथेने तोडतो. यावर इतके विनोद झाले आहेत की आणखी बोलायला नको.

दुसरा आक्षेप डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेचा. तिथे शवविच्छेदनही होतं, विषाची तपासणीही होते, बोटांचे ठसेही जुळतात आणि सगळं चहा संपायच्या आत. खऱ्या व्यवस्थेत ही कामं वेगवेगळ्या माणसांची असतात. शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातले डॉक्टर करतात. व्हिसेरा, रक्त, डीएनए यांचे नमुने सील करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात; मुंबईची अशी प्रयोगशाळा कालिन्याला आहे. तिथून अहवाल यायला कित्येकदा आठवडे, महिने लागतात.

तिसरा आक्षेप नावाचाच. मुंबईत खून झाला तर तपास त्या हद्दीतलं पोलीस ठाणं करतं आणि जोडीला क्राइम ब्रँच उतरते. महाराष्ट्राचा खरा सीआयडी विभाग राज्य पातळीवरचा आहे आणि त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. सरकारने किंवा न्यायालयाने सोपवलेली प्रकरणं त्याच्याकडे जातात. पोलीस कोठडीत कुणाचा मृत्यू झाला, तर त्याचा तपासही बहुधा याच विभागाकडे येतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मालिकेचे चाहते यावर म्हणतात, "अहो, करमणूक आहे, माहितीपट नाही." हे मला पटतं. दरवाजा तुटताना पाहून कोणतंही मूल बिघडत नाही. ते हसतं आणि विसरून जातं.

ज्यावर कुणी हसत नाही ती गोष्ट

एपिसोडच्या शेवटी काय होतं ते आठवा. संशयित खोलीच्या मधोमध उभा असतो. तो नाही नाही म्हणतो. एक सणसणीत थप्पड बसते आणि तो लगेच सगळं सांगून टाकतो : खून का केला, कसा केला, हत्यार कुठे टाकलं. मग एसीपी फाशीची भाषा करतात आणि केस संपते. यावर वाद होत नाही, कारण हे सगळ्यांना खरं वाटतं. आपण म्हणतो, पोलीस असेच असतात आणि असंच केल्याशिवाय गुन्हेगार बोलत नाही.

आता कायदा बघू. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात, म्हणजे इंग्रजांच्या काळात, कलम २५ म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये कायम आहे. इंग्रज सरकारला रयतेचा फार कळवळा होता असं नाही. मारहाण करून कबूल करवून घेतलेलं खरं असेलच असं नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. मार चुकवण्यासाठी माणूस न केलेलंही कबूल करतो.

कबुली द्यायचीच असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर द्यावी लागते. तो आधी आरोपीला स्पष्ट सांगतो की, तुझ्यावर कबुली देण्याची सक्ती नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. पोलिसांसमोरच्या बोलण्यातला एकच भाग कोर्टात येऊ शकतो. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या शोधापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. म्हणून तिथे पंचनाम्याला महत्त्व येतं. 'पंच' आणि फारसीतून आलेला 'नामा' मिळून झालेला हा शब्द आपण रोज वापरतो, पण मालिकांत पंच कधी दिसतात का बघा. खऱ्या ठाण्यात पोलिसांचा पुष्कळ वेळ लिहिण्यात जातो. हत्यार कुठे मिळालं, कुणासमोर मिळालं, सील कुणी लावलं. यातली एक कडी तुटली तर खरा गुन्हेगारही सुटू शकतो. म्हणजे थप्पड मारणारा दया कोर्टात आरोपीच्या वकिलालाच मदत करत असतो.

लाय डिटेक्टर आणि नार्को टेस्टचंही तसंच. मालिकांत त्या सर्रास होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की, संमतीशिवाय या चाचण्या करता येणार नाहीत.

'क्राइम पेट्रोल' खरी असूनही अपुरी

आता अब्बूंच्या आवडीच्या मालिकेकडे येऊ. 'क्राइम पेट्रोल' २००३ मध्ये सुरू झाली. ती घडलेल्या गुन्ह्यांवर बेतलेली असते, ठाणी साधी दिसतात, पोलीस थकलेले दिसतात. म्हणून ती विश्वासाची वाटते, आणि म्हणूनच जास्त सावध राहायला हवं. 'सीआयडी' बघताना आपण हसतो, 'क्राइम पेट्रोल' बघताना मान डोलावतो.

तिची गोष्ट बहुतेक वेळा अटकेपाशी संपते. प्रत्यक्षात अटकेनंतर लांब रस्ता सुरू होतो. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच हे लिहिलं आहे. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. (काही विशेष कायद्यांत या मुदती वेगळ्या आहेत.) त्यानंतर साक्षी, उलटतपासणी, निकाल, अपील. तोपर्यंत तो माणूस 'आरोपी' असतो, 'दोषी' नसतो. माझ्या वर्गातल्या मुलांना हाच फरक माहीत नव्हता.

'दिल्ली क्राइम' २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचार प्रकरणावरची ही मालिका तपासातल्या अडचणी चांगल्या दाखवते. पण तिथेही कॅमेरा पोलिसांच्या बाजूने उभा आहे आणि गोष्ट आरोपी पकडण्यापुरतीच आहे. खऱ्या खटल्यात चार दोषींना फाशी झाली ती २० मार्च २०२० ला, म्हणजे सात वर्षांहून जास्त काळाने. त्या मुलीच्या आईवडिलांनी कोर्टात काढलेली ती वर्षं पहिल्या सीझनमध्ये नाहीत.

कबुलीवर उभा राहिलेला खटला

कबुलीचा प्रश्न किती गंभीर आहे हे आपल्या मुंबईने पाहिलं आहे. ११ जुलै २००६ ला लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि शेकड्यांनी घरं उद्ध्वस्त झाली. खटला मकोकाखाली चालला. या कायद्यात अपवाद म्हणून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुलीही पुरावा ठरू शकते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली आणि ते कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याचं म्हटलं. तोपर्यंत १९ वर्षं गेली होती आणि एक जण तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

यात नुकसान कुणाचं झालं? आत राहिलेल्यांचं झालंच. पण ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली त्यांना तरी १९ वर्षांनी काय मिळालं? कच्चा तपास दोन्ही बाजूंच्या घरांवर जुल्म करतो. म्हणून 'कबूल केलं ना, मग संपलं' ही सवय मोडायला हवी, आणि ती आपल्याच दिवाणखान्यात मोडायला हवी.

घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं असं

१. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हे सांगितलं. काही मोजक्या प्रकारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी 'झिरो एफआयआर' घ्यावा लागतो. फिर्याद देणाऱ्याला प्रत मोफत मिळते.

२. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर महिला, १५ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांना ठाण्यात बोलावता येत नाही, चौकशी त्यांच्या राहत्या जागी व्हायला हवी. साक्षीदाराच्या अशा जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कुणीच सही करू नये.

३. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं सक्तीचं आहे. डी. के. बसू खटल्यातल्या निर्देशांप्रमाणे अटकेचा पंचनामा होतो, त्यावर साक्षीदाराची सही असते, आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी.

४. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

५. वकिलाला भेटण्याचा हक्क अटकेपासूनच आहे. महिला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

हे हक्क पोलिसांशी भांडण्यासाठी नाहीत. नियमाने काम करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते सोयीचे असतात, कारण असा तपास कोर्टात टिकतो.

मग मालिका बंद करायच्या का?

नाही. मुलांसोबत बसून बघा आणि मधेमधे प्रश्न विचारा. याला पकडलं, पण पुरावा काय आहे? हा कबूल झाला, पण कुणासमोर? याचा वकील कुठे आहे? हा निर्दोष असेल तर खरा खुनी आत्ता कुठे फिरत असेल? मुलं हुशार असतात. दोनतीन एपिसोडनंतर तीच तुम्हाला चुका दाखवू लागतील.

आणि थप्पड बसली की एकदा तरी त्यांना सांगा, आपल्याच राज्यात पुण्याला खरी सीआयडी आहे. खऱ्या कोठडीत अशी मारहाण झाली आणि त्यात माणूस दगावला, तर चौकशीला बहुधा तीच येते, आणि मारणारा वर्दीत असला तरी त्याला आरोपी म्हणून उभं राहावं लागू शकतं.