नियम बदलण्यापूर्वी : घरचे सौरछत आणि नेट मीटरिंग

सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, उलटल्यावर नवकारसी पारायची आणि सूर्य मावळण्यापूर्वी भोजन उरकायचे, ही अनेक जैन घरांतील पिढ्यान्‌पिढ्यांची दिनचर्या आहे. सूर्य हे आपल्या घरचे पहिले घड्याळ. त्याच सूर्याच्या बळावर घरची वीजही निर्माण करावी, हा विचार आता गावोगावच्या कुटुंबांत रुजू लागला आहे. छतावर पॅनेल बसवण्याची चर्चा मात्र बहुधा किंमत आणि अनुदान या दोनच मुद्द्यांभोवती फिरते. या व्यवहाराचा खरा आधार असतो तो 'नेट मीटरिंग'चा नियम. तो कायमचा नसतो. अन्यत्र तो बदलला आहे आणि आपल्याकडेही त्यात फेरफार करण्याचे प्रयत्न झाले आहेत. म्हणून हा नियम काय आहे, त्यासाठी पात्र कसे व्हावे आणि उद्या तो बदलला तरी नुकसान कसे टाळावे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने आताच करणे हिताचे आहे.

विजेची पेढी

पेढीवरील खतावणीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना नेट मीटरिंग समजावून सांगावे लागत नाही. दिवसा छतावर तयार झालेली वीज प्रथम घरात वापरली जाते. उरलेली वीज वीज कंपनीच्या तारांत जाते आणि ग्राहकाच्या खात्यात जमा होते. रात्री घर कंपनीकडून वीज घेते, ती नावे पडते. महिनाअखेर युनिटची युनिटशी वजावट होते आणि उरलेली जमा शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते. आर्थिक वर्ष संपल्यावर जी शिल्लक उरते, तिचा मोबदला नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो. हा दर आपण विजेसाठी मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

याला पर्यायी असलेली पद्धत म्हणजे 'नेट बिलिंग'. तीत युनिटची युनिटशी वजावट होत नाही. दिलेल्या विजेचा एक दर आणि घेतलेल्या विजेचा दुसरा, चढा दर असतो.

फरक कळण्यासाठी एक हिशेब मांडू. तीन किलोवॅटचा संच आपल्या हवामानात दिवसाला साधारण १२ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ३६० युनिट वीज देतो. पावसाळ्यात हे प्रमाण घटते. समजा, एका घराने त्यातील १४० युनिट दिवसाच वापरली, २२० बाहेर दिली आणि रात्री १६० परत घेतली. नेट मीटरिंगमध्ये १६० युनिटची पूर्ण वजावट होऊन ६० युनिट शिल्लक राहतात. बिलात स्थिर आकारासारख्या रकमा तेवढ्या उरतात. आता नेट बिलिंग धरा आणि उदाहरणादाखल घेण्याचा दर १० रुपये, देण्याचा दर ३ रुपये माना. घेतलेल्या विजेचे १,६०० रुपये, दिलेल्या विजेचे ६६० रुपये. त्या घराला ९४० रुपये भरावे लागतील. छत तेच, पॅनेल तेच, सूर्यही तोच. केवळ नियमाने हिशेब पालटला.

नियम का बदलतात?

येथे अनेकांत दृष्टीने पाहणे योग्य ठरेल. ग्राहकाचे म्हणणे असे, की त्याने स्वतःचे भांडवल घातले, प्रदूषण कमी केले आणि त्याची उरलेली वीज शेजारच्याच घरात वापरली गेली. तेव्हा त्याला पूर्ण मोल मिळावे. वीज कंपनीचे म्हणणे असे, की दुपारी सर्वांच्या छतांवरून एकाच वेळी वीज येते तेव्हा तिची गरज कमी असते. खरी मागणी सूर्य मावळल्यावर वाढते आणि ती वीज कंपनीला महाग पडते. शिवाय तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च कायम राहतो. सौरछत असलेला ग्राहक तो पुरेसा देत नसेल, तर तो भार छत नसलेल्या, बहुधा दुर्बल कुटुंबांवर पडतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच सौरछतांची संख्या वाढत जाते तसतसे नियामक हा समतोल पुन्हा पुन्हा तपासतात.

कॅलिफोर्नियाचा धडा

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे आप्त तेथे स्थायिक असल्याने हा विषय काहींच्या कानावर आलाही असेल. तेथे नेट मीटरिंगचा पाया १९९५च्या कायद्याने घातला गेला. २०१६ साली नियमांची दुसरी आवृत्ती आली, तीतही ग्राहकाच्या विजेला जवळजवळ पूर्ण मोल मिळत होते. डिसेंबर २०२१मध्ये आयोगापुढे आलेल्या प्रस्तावात सौर ग्राहकांवर प्रति किलोवॅट दरमहा ८ डॉलर आकार लावण्याची सूचना होती. तीव्र विरोधामुळे ती मागे पडली. परंतु १५ डिसेंबर २०२२ रोजी आयोगाने नेट बिलिंगची नवी पद्धत मंजूर केलीच. बाहेर दिलेल्या विजेचे मोल त्यामुळे सरासरी सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले.

आपल्यासाठी महत्त्वाचा भाग पुढेच आहे. जुना नियम कोणाला लागू राहील, हे पॅनेल बसवल्याच्या तारखेवरून ठरले नाही. ते अर्जाच्या तारखेवरून ठरले. १४ एप्रिल २०२३पर्यंत ज्यांनी जोडणीचा परिपूर्ण अर्ज दाखल केला, त्यांना जुना नियम मिळाला. काम पूर्ण करण्यास तीन वर्षांची सवड मिळाली आणि संच सुरू झाल्यापासून वीस वर्षे तो नियम टिकण्याची हमीही मिळाली. शेवटच्या आठवड्यांत अर्जांची रीघ लागली. करारावरील सही, विद्युत आराखडा किंवा आवश्यक जाहीरपत्र यांत मोठी त्रुटी असलेला अर्ज मात्र मुदतीत आला असे धरले जाणार नव्हते. कागद आधीच जुळवून ठेवलेल्या कुटुंबांना ही धावपळ करावी लागली नाही.

आपल्याकडील हालचाली

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे पहिले विनियम २०१५ साली आले. २०१९ साली नव्या विनियमांच्या मसुद्यात, महिना ३०० युनिटपेक्षा अधिक वापरासाठी नेट बिलिंग आणण्याची कल्पना पुढे आली होती. ग्राहक आणि व्यावसायिक यांनी मोठ्या प्रमाणावर हरकती नोंदवल्या. अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२०च्या ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंगची मर्यादा १० किलोवॅट ठेवली होती. सहा महिन्यांतच, जून २०२१मध्ये, ती ५०० किलोवॅट करण्यात आली. २०२५मधील वीजदर निश्चितीच्या वेळी आणखी एक प्रश्न ऐरणीवर आला. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सौर तासांत बाहेर दिलेली वीज कोणत्याही वेळच्या वापराशी जुळवावी, की त्याच तासांतील वापराशी?

या घटनांतून दोन गोष्टी दिसतात. एक, नियम दोन्ही दिशांनी बदलू शकतो. दुसरी, जनसुनावणीत आणि हरकतींच्या मुदतीत नागरिकांनी मांडलेल्या म्हणण्याला वजन असते. आयोग मसुदे आणि प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवतो, तेव्हा समाजातील जाणत्या मंडळींनी त्यांकडे लक्ष ठेवून लेखी म्हणणे द्यावे.

पात्रतेची तयारी

सध्या घरगुती ग्राहकांसाठी परिस्थिती अनुकूल आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. २२ फेब्रुवारी २०२४च्या सुधारित केंद्रीय नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची गरज उरलेली नाही. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण व्यवस्थेचे बळकटीकरण कंपनीने स्वखर्चाने करावयाचे आहे. असे असूनही अर्ज अडतात, ते बहुधा घरातीलच कागदांमुळे. म्हणून पुढील गोष्टी आधी तपासाव्यात.

१. वीजबिल कोणाच्या नावे आहे? अनेक घरांत ते दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावे चालू असते. प्रथम वारसांच्या संमतीने नाव बदलून घ्यावे. बिल, बँक खाते आणि ओळखपत्र यांवरील नावे एकसारखी असावीत.

२. थकबाकी असल्यास ती भरून पावती जपावी. बिलाबाबत वाद असेल तर तो आधी मिटवावा.

३. मंजूर भार किती आहे, हे बिलावर पाहावे. संच त्याहून मोठा असेल तर १० किलोवॅटपर्यंत भार वाढवून देण्याची तरतूद आहे. मात्र वाढीव भारामुळे स्थिर आकारावर काय परिणाम होईल, हे विचारून घ्यावे.

४. छतावरील हक्क स्पष्ट असावा. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. भावाभावांचे सामाईक घर असल्यास लेखी संमती, सदनिका असल्यास सोसायटीचे ना-हरकत पत्र घ्यावे. सोसायटीचे सामाईक दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांसाठी वेगळे अनुदान आहे. ते प्रति किलोवॅट १८,००० रुपये असून ५०० किलोवॅटपर्यंत लागू होते.

५. काम नोंदणीकृत विक्रेत्यालाच द्यावे. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सौरघटांचे असणे आवश्यक आहे. ही अट, पाच वर्षांची देखभाल आणि पॅनेलची हमी लेखी करारात असावी.

६. राष्ट्रीय पोर्टलवरील नोंदणी, वीज कंपनीशी करार, मीटरचा अर्ज आणि संच सुरू झाल्याचे प्रमाणपत्र या प्रत्येक टप्प्याची तारीख असलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. उद्या नियम बदलला, तर आपण कोणत्या नियमाखाली आलो हे सिद्ध करणारा पुरावा हाच.

७. नेट मीटरिंगच्या करारातील मुदत आणि नियमबदलाविषयीचे कलम सहीपूर्वी शांतपणे वाचावे.

येथे एक सावधगिरी. 'उद्यापासून योजना बंद' असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे विक्रेते भेटतात. अशी तारीख सरकारी पोर्टलवर किंवा आयोगाच्या आदेशात दिसत नसेल, तर घाईने सही करू नये. त्वरा कागद जुळवण्यात करावी, पैसे देण्यात नव्हे.

किती मोठा संच?

नेट मीटरिंगमुळे मोठा संच बसवण्याचा मोह होतो. आपल्या परंपरेतील परिग्रह-परिमाणाचे व्रत येथे व्यवहारातही उपयोगी पडते. मागील बारा महिन्यांची बिले काढावीत, वर्षाचे एकूण युनिट मोजावे आणि तेवढ्याच गरजेचा संच घ्यावा. तीन किलोवॅटनंतर अनुदान वाढत नाही आणि वर्षअखेरची शिल्लक स्वस्तात जाते. शिवाय सौरवीजही सर्वथा निर्दोष नाही. काच, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांसाठी खाणी आणि भट्ट्या लागतातच. गृहस्थाने आरंभ-समारंभ पूर्ण टाळता येत नाही, पण मर्यादित करता येतो. कोळशाची वीज कमी करणे आणि विजेचा वापरच कमी करणे, ही दोन्ही पावले एकत्र टाकावीत. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. बॅटरी नसलेला साधा संच वीज खंडित झाल्यावर बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जीविताच्या रक्षणासाठीच ही रचना आहे.

सूर्याबरोबर चालणारे घर

नियम बदलला तर सर्वांत कमी झळ कोणाला बसेल? जे घर आपली वीज दिवसाच वापरते, त्याला. वरील उदाहरणातील घराने धुलाई यंत्र, पाण्याचा पंप, घरघंटी, इस्त्री आणि संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यप्रकाशात उरकून ६० युनिट वापर रात्रीवरून दिवसाकडे वळवला, असे समजा. मग १६० युनिट बाहेर जातील आणि १०० घेतली जातील. नेट बिलिंगमध्ये त्याला १,००० वजा ४८०, म्हणजे ५२० रुपये द्यावे लागतील. आधीच्या ९४० रुपयांशी तुलना केल्यास ४२० रुपये वाचले, तेही कोणताही खर्च न करता. वेळेनुसार जुळणीचा नियम आला तरीही हीच सवय कामी येईल.

जे कुटुंब सूर्यास्तापूर्वी जेवते, त्याचे स्वयंपाकघर सायंकाळी लवकर शांत होते. पिण्याचे पाणी दिवसाच गाळून, उकळून ठेवले जाते. आपल्या पूर्वजांनी ही शिस्त जीवदयेसाठी स्वीकारली होती, बिलासाठी नव्हे, आणि तिचे मोल रुपयांत करू नये. तरीही ज्या घरांत ती शिथिल झाली आहे, तेथील तरुण पिढीला ती पुन्हा समजावून सांगण्यास हे एक नवे निमित्त मिळाले आहे.

येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून गेल्या वर्षाची वीजबिले काढावीत. बिलावरील नाव, मंजूर भार आणि बारा महिन्यांचे युनिट एका वहीत लिहावेत, छतावर कोणत्या वेळी कोठे सावली पडते ते पाहावे. कागद पूर्ण असतील तर अर्ज करावा, नसतील तर प्रथम ते पूर्ण करावेत. मंदिर, स्थानक, पाठशाळा आणि वसतिगृहे यांना घरगुती अनुदान लागू नसले तरी, नेट मीटरिंगचा लाभ घेता येईल का, याची चौकशी विश्वस्तांनी वीज कंपनीकडे करावी. नियम बदलण्याची तारीख आपल्या हाती नाही, अर्जाची तारीख मात्र आहे.

जय जिनेंद्र.