एलियट लेक: खाणींचें गांव, वृद्धांचें गांव

एलियट लेक हें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानांवर आलें असेल. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत, ह्यूरन सरोवराच्या उत्तरेस हें लहानसें गांव आहे. भोंवतीं अतिप्राचीन खडक, त्यांवर चीड व भूर्ज वृक्षांचें अरण्य, आणि त्या अरण्यांत विखुरलेलीं असंख्य सरोवरें. त्यांतील एकाचेंच नांव गांवास मिळालें आहे.

या भागांत गायगर यंत्र खडखडे. पण वरचा दगड तपासावा तर त्यांत युरेनियम नाममात्र आढळे. फ्रँक जूबिन या भूगर्भशास्त्रज्ञानें तर्क केला कीं, पृष्ठभागावरील धातु पाण्यानें व आम्लानें विरघळून गेला असावा. खरा सांठा खालींच असणार. सन १९५३ मध्यें खोल भोकें पाडून पाहतां हा तर्क खरा ठरला. १९५५ मध्यें गांवाची आंखणी झाली, आणि पांच वर्षांच्या आंत तेथें सुमारें पंचवीस हजार माणसें राहूं लागलीं! मुख्य गिऱ्हाईक होतें अमेरिकेचें सरकार, आणि माल लागत होता अण्वस्त्रांसाठीं. १९५९ सालीं त्या सरकारनें पुढील खरेदी करणार नसल्याचें कळविलें. पाठोपाठ खाणी बंद पडूं लागल्या, आणि नव्या घरांच्या दारांस कुलुपें लागलीं.

पुढें वीजनिर्मितीसाठीं युरेनियमला पुन्हां मागणी आली व गांव सांवरलें. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हें आम्हांस विशेषेंकरून सांगावयाचें आहे. खाणींतील सिलिकेची धूळ आणि रेडॉन वायु कामकऱ्यांच्या फुप्फुसांत सांचत होता. कर्करोगाचें प्रमाण वाढल्याची माहिती अधिकाऱ्यांनीं फ्रान्समधील एका परिषदेंत मांडली. ज्यांचीं फुप्फुसें झिजत होतीं, त्यांस ती तेथूनच कळली! १९७४ मध्यें सुमारें एक हजार खाणकामगारांनीं काम थांबविलें. मागणी सुरक्षिततेची होती. सरकारनें जेम्स हॅम यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ नेमलें. १९७६ मध्यें त्याचा अहवाल आला आणि १९७८ मध्यें प्रांताच्या विधिमंडळानें नवा कायदा केला. धोका जाणून घेण्याचा, सुरक्षिततेच्या कामांत भाग घेण्याचा आणि धोक्याचें काम नाकारण्याचा, असे तीन हक्क कामकऱ्यांस मिळाले. ज्या घरांतील कर्ता पुरुष आधींच अंथरुणास खिळला होता, त्या घरांस मात्र हा कायदा उशिरां आला. सर्पंट नदीच्या कांठच्या अनिशिनाबे लोकांचें पाणीहि दूषित झालें. खाणींतील टाकाऊ चुऱ्यावर आजहि पाण्याचें आच्छादन ठेवून पहारा करावा लागतो.

१९९६ सालीं शेवटची खाण बंद झाली. असें गांव ओसाड पडावयाचें. पण येथील लोकांनीं वेगळा विचार केला. रिकामीं घरें होतीं, निर्मळ हवा होती. तेव्हां निवृत्त वृद्धांस अल्प भाड्यानें घरें देण्याची योजना त्यांनीं आंखली, आणि दूरदूरच्या शहरांतून म्हातारीं जोडपीं राहावयास आलीं. २०२१ च्या शिरगणतींत लोकसंख्या अकरा हजारांवर होती. संकटें तरीहि सरलीं नाहींत. २३ जून २०१२ रोजीं गांवांतील मोठ्या बाजारसंकुलाचें छप्पर कोसळून दोन स्त्रिया दगावल्या. वर्षानुवर्षें झिरपणाऱ्या खारट पाण्यानें लोखंड गंजलें होतें. गळती सर्वांस दिसत होती, बंदोबस्त मात्र कोणींच केला नव्हता.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस, मुलांनातवंडांपासून दूर राहणाऱ्या वृद्धांचें हें गांव प्रथम उदासवाणें वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें. परंतु सोबतीला शेजार आहे, फिरावयास सरोवराचा कांठ आहे, आणि हॉर्न सरोवराच्या कांठीं खाणकामगारांचें स्मारकहि आहे. घरांतील वडील माणसाचा खोकला असो, वा छपराची गळती असो, दिसत असतां तिकडे डोळेझांक करूं नये, एवढें जरी या गांवापासून आम्ही शिकलों, तरी पुष्कळ झालें.