पांडू, थायरॉईड-न्यूनता आणि लोहकल्पांची वेळ

प्रौढ स्त्रीरुग्णांमध्ये पांडू व थायरॉईड-न्यूनता ही दोन निदाने एकाच केसपेपरवर वारंवार आढळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता दिसून आली. या सर्वच रुग्णा कृश नसतात. कित्येकींचे वजन वाढलेले असते, आणि तेथेच चिकित्सकाची दिशाभूल होते. अतिस्थूलात मेदच तेवढा वाढतो, इतर धातूंना पोषण मिळत नाही, हे चरकांनी सूत्रस्थानात स्पष्ट केलेलेच आहे. स्थूल रुग्णही कुपोषित असू शकतो.

थायरॉईड ग्रंथीत संप्रेरक घडविणाऱ्या पेरॉक्सिडेज या एन्झाइमला लोहाची गरज असते. लोह घटले की संप्रेरकनिर्मिती मंदावते. उलटपक्षी संप्रेरक घटले की मज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते, काहींना रजःस्राव अधिक होतो. अग्निमांद्य आणि धातुक्षय असे एकमेकांस पोसत राहतात.

अशा रुग्णेस आपण नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह देतो व ते योग्यच आहे. परंतु बहुतेकींची सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी चालू असते. लोह व कॅल्शियम आतड्यात या औषधास बांधून ठेवतात, त्याचे शोषण घटते. शंख, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, कपर्दिका, गोदंती ही सर्व भस्मे कॅल्शियमयुक्तच होत. मग टी.एस.एच. वाढतो, तिकडे गोळीची मात्रा वाढविली जाते, आणि आपला कल्प थांबताच तीच वाढीव मात्रा रुग्णेस हृत्स्पंदन व अनिद्रा देते. वस्तुतः दोष ना कल्पाचा, ना गोळीचा, दोष वेळेचा. दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. आम्ही लोहकल्प दुपारच्या भोजनाशी योजतो आणि सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा तपासून घेतो. थायरॉक्सिन परस्पर बंद करविणे मात्र सर्वथा टाळावे.

लंघनाविषयीही तारतम्य हवे. दीर्घ उपवासात टी-४ चे सक्रिय टी-३ मध्ये होणारे रूपांतर घटते, म्हणजे शरीर स्वतःच अग्नी मंद करून घेते. पांडू असलेल्या स्थूल रुग्णेस दीपन-पाचन व गुरु-अपतर्पण आहार द्यावा. केवळ गरम पाण्यावर ठेवू नये. तसेच सैंधव हे लवणांत श्रेष्ठ खरे, पण त्यात आयोडीन नगण्य असते. घरातील आयोडीनयुक्त मीठ पूर्ण बंद करून सैंधवच वापरण्याचा सल्ला सरसकट, विशेषतः गर्भिणीस, देऊ नये.

औषधालयचालकांनाही एक विनंती. लोहासव वा मंडूर चिठ्ठीविना मागणाऱ्या ग्राहकास ‘थायरॉईडची गोळी चालू आहे काय?’ एवढे विचारावे आणि उत्तर होकारार्थी असल्यास बाटलीवर ‘दुपारी, जेवणासह’ असे मराठीत लिहून द्यावे.