खोल पाण्यातले तेल आणि आपली एमआयडीसी

२०२२च्या जूनमध्ये जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या कोविडवरील एमआरएनए लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ही कंपनी हिंजवडी एमआयडीसीतली, तिची पालक कंपनी एमक्युअरही पुण्याचीच. लस २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रीजमध्ये टिकते याचे तेव्हा कौतुक झाले. सिॲटलच्या एचडीटी बायोबरोबर सुरू झालेल्या या कामातला एक घटक मात्र चर्चेत आलाच नाही. आरएनए वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांतले तेल होते स्क्वालीन. जपानी रसायनतज्ज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना ते १९०६ साली मुशीच्या यकृतात सापडले होते.

खोल पाण्यातली मुशी एवढे तेल बाळगते ते तरंगण्यासाठी. बऱ्याच हाडांच्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. मुशीला ती नाही. असती तरी हजार मीटर खोलीवर, वरच्यापेक्षा शंभरपट दाबाखाली, ती फुगवून ठेवणे सोपे नव्हते. तेल दाबाने फारसे आकसत नाही. स्क्वालीनची घनता ०.८६, समुद्राच्या पाण्याची १.०२च्या वर, आणि ते उणे ७५ अंशांच्या आसपास गोठते. सेंट्रोफोरस या मुशीचे यकृत शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत भरते, आणि त्यातल्या तेलात निम्म्याहून जास्त स्क्वालीन असू शकते. वरच्या उजेडातले अन्न खाली पोहोचेपर्यंत फारच थोडे उरते. अशा ठिकाणी बुडू नये म्हणून सतत पोहत राहणे कुणाला परवडणार?

साठवणीची चरबी वेगळी. अरबी समुद्रात कंदीलमाशांचे थवे दिवसा खोल अंधारात राहतात आणि रात्री खाण्यासाठी वर येतात. त्यांच्या काही जाती साधी चरबी साठवतात, तर काही चक्क मेण. हे मेण हलके असते आणि हळूहळू खर्च होते. आपल्या आतड्यांना ते पचत नाही. मेणाने भरलेला एस्कोलार मासा चवीला उत्तम, पण खाणाऱ्याला पुढे संडासाची वाट धरायला लावतो. जपानने त्याची विक्री बंद केली, हे योग्यच झाले.

चाकणला बनणाऱ्या गाड्यांशी याचा काय संबंध, असे कुणी विचारील. आहे. हजार मीटरपेक्षा खोल बुडी मारून माखले-नळ खाणाऱ्या स्पर्म व्हेलच्या डोक्यातले तेल मुख्यतः अशाच मेणाचे असते. अमेरिकेत ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात मिसळत. १९७० मध्ये हा देवमासा तिथे संकटग्रस्त ठरला, आणि होहोबाचे तेल व कृत्रिम वंगणे त्याच्या जागी आली. गिअर बदलायचे काही थांबले नाहीत.

याच देवमाशाची ‘उलटी’ पकडल्याच्या बातम्या मुंबई, ठाणे, पुण्याच्या पेपरांत अधूनमधून येतात. ती उलटी नव्हेच. माखल्याच्या न पचलेल्या चोचींभोवती आतड्यात साचलेला तो गोळा. त्यातला अँब्रेन हा घटकही मुळात स्क्वालीनपासूनच बनते. देवमासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे हा व्यापार म्हणजे सरळ तुरुंगाची वाट.

मुशीचे दुखणे याहून मोठे. सेंट्रोफोरसच्या काही जातींची मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि ते दोन-तीन वर्षे पोटात वाढवते. यकृतासाठी पकडलेल्या मुशींची तूट भरून निघायला फार काळ जातो. लशींपेक्षा हे तेल सौंदर्यप्रसाधनांत कितीतरी जास्त जाते, आणि मला तरी चेहऱ्याच्या क्रीमसाठी मुशी मारणे पटत नाही.

पर्याय आहेत. उसाच्या साखरेवर वाढवलेल्या यीस्टच्या मदतीने आता स्क्वालीन बनवतात. ऑलिव्हमध्ये ते थोडे असते, आणि एकादशीला आपण ज्याच्या लाह्या-लाडू खातो त्या राजगिऱ्यात बऱ्यापैकी. राजगिऱ्याच्या दाण्यात तेल शेकडा सहा-आठ, त्या तेलात स्क्वालीन शेकडा पाच-सहाच्या आसपास. म्हणजे किलोमागे तीन-चार ग्रॅम. इटलीत १९९७ पासून वापरात असलेल्या फ्लूच्या लशीतल्या एमएफ-५९ या मिश्रणात एका डोसला दहा मिलिग्रॅमही स्क्वालीन लागत नाही. कागदावर तरी किलोभर राजगिऱ्यात तीनशे डोसांचा ऐवज निघतो. अडचण शुद्धीकरणाची. यकृताच्या तेलात स्क्वालीनच भरपूर असल्याने ते थोड्या खटपटीत वेगळे होते. दाण्याच्या तेलातून काढायला टप्पे जास्त, खर्चही जास्त. मुशीला अजून गिऱ्हाईक आहे ते या खर्चाच्या फरकामुळे.