रेखाटलेले अरण्य : जपानी चलच्चित्रे आणि अनुवादाचा प्रश्न

बालकांसाठी निर्माण झालेल्या जपानी चलच्चित्रांकडे आपली समीक्षा बहुधा करमणुकीचा एक प्रकार म्हणूनच पाहते. वस्तुतः ही कला अनुवादाच्या विचारात येते. कारण तिच्या कित्येक अभिजात कृती परभाषेतील बालवाङ्मयावर उभ्या आहेत.

ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १९६३ साली सुरू झाली. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तेझुकांनी खर्च आणि वेळ वाचविण्यासाठी एकच चित्र अनेक चौकटींना पुरविले. दारिद्र्यातून जन्मलेली ही काटकसर पुढे शैली बनली. हालचाल कमी झाली, तसे स्थिर दृश्याला, विरामाला आणि मौनाला मोल आले. १९७४ च्या ‘हायडी’ या ५२ भागांच्या मालिकेत दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी या स्थिरतेला निरीक्षणाची जोड दिली. योहाना स्पिरी यांची कथा चित्रित करण्यापूर्वी ते आणि हायाओ मियाझाकी स्वित्झर्लंडमध्ये जाऊन तेथील डोंगर व घरे पाहून आले. मूळ संहितेइतकाच तिच्या भूमीचाही मान राखावयाचा, हे अनुवादाचे तत्त्व त्यांनी कृतीने मांडले.

हाच न्याय आपल्या भूमीला लागू झाला तेव्हा काय घडले? मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९४ साली इंग्रजीत ‘जंगल बुक’ प्रसिद्ध केले. त्यातील मोगलीचे अरण्य सिवनीचे, म्हणजे नागपूरच्या उत्तरेचे. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९-९० मध्ये त्याची ५२ भागांची मालिका केली, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी दूरदर्शनवरून ती हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. नागपूरच्या शेजारचे रान इंग्रजी, जपानी आणि हिंदी अशी तीन वळणे घेऊन मराठी घरात पोहोचले. आणि मुलांना ते परके वाटले नाही, याचे बरेचसे श्रेय त्या नव्या गीताला द्यावे लागेल.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाची गोष्ट याहून निराळी. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी तो १९९० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केला. रेखा जपानी असल्या, तरी पोशाख व हावभाव यांसाठी भारतीय कलावंतांचे साहाय्य होते; संगीत वनराज भाटिया यांचे, आणि संस्कृत गीते मराठी लेखक वसंत देव यांची. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतात पुन्हा प्रदर्शित झाला.

रायपूरच्या तेलीबांध्याहून पूर्वेकडे गेले असता काही कोसांवर चंदखुरी लागते. तेथे कौसल्येचे मंदिर असून हे तिचे माहेर, अशी लोकश्रद्धा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशाशी मराठी माणसांचा संबंध आहे. राम ज्यांचा भाचा, त्या लोकांनी जपानी हातांनी रेखाटलेला राम आपला मानावा काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. कथेवरील अधिकार जन्माने मिळतो तसाच श्रद्धायुक्त परिश्रमानेही मिळतो. मात्र यातून आपल्यावर एक ऋण येते : परकीयांनी आपल्या अरण्याकडे जितक्या सावधपणे पाहिले, तितक्याच सावधपणे आपणही ते आपल्या मुलांसाठी मराठीत पाहावयास हवे.